समुद्रात उतरायचे, पण खिसा पाहून!



सुट्टी जवळ आली की आपल्या मोठ्या गटात एक विषय हमखास निघतो. कोणी स्कूबा डायव्हिंगचा कोर्स नुकताच पुरा केलेला असतो, कोणाला तो करायचा असतो, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "पहिले सामान कोणते घेऊ?" दुकानात विचारले तर उत्तर तयार असते: संपूर्ण सेट घ्या, नवा कोरा, अडीच हजार डॉलरच्या आसपास. घरी विचारले तर तेथेही उत्तर तयार असते: "काही नको, तो आपल्या खिशाचा खेळ नाही." माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्या उत्तराने पैसे बुडतात आणि दुसऱ्या उत्तराने सिडनीत वाढलेली मुले सिडनीचा समुद्र फक्त वरून पाहतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सामान शरीराच्या क्रमाने घ्यावे. आधी चेहरा, मग पाय, मग अंग, मग मनगट. एवढे स्वतःचे असावे. श्वासाचे आणि पाठीवरचे सामान निदान पहिली दोन वर्षे भाड्याने आणावे. टाकी तर आपल्यासारख्यांनी विकत घेऊच नये. हा क्रम मी असा का लावते ते आता सांगते.

प्रथम आपला पत्ता पाहा. गिरावीन या आदिवासी शब्दाचा अर्थ 'फुलांची जागा' असा सांगतात. त्यात समुद्र कोठेच नाही. शहराच्या मध्यापासून आपण सुमारे ३० किलोमीटर पश्चिमेला राहतो आणि समुद्र शहराच्या पलीकडे आहे. मॅनलीजवळच्या शेली बीचला जायचे तर टूंगॅबी किंवा पेंडल हिलहून ट्रेन, सर्क्युलर कीहून फेरी आणि पुढे पायी. भरलेली टाकी साधारण १५ किलोची असते. त्यावर कमरेला बांधायची शिशाची वजने आणि येताना भिजलेला, जड झालेला सूट. घरात गाडी एकच असेल आणि ती शनिवारी बाबांना लागत असेल, तर हे ओझे न्यायचे कसे? मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स मात्र पाठीवरच्या पिशवीत मावतात. टाकी आणि वजने समुद्राजवळच्या दुकानातून घ्यावीत आणि तेथेच परत द्यावीत.

आता चेहरा. मास्क ही पहिली खरेदी, आणि तीत घाई करू नये. पोहण्याचा गॉगल डायव्हिंगला चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहते. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो आणि गॉगल डोळ्यांवर दाबला जातो. मास्कमध्ये नाक आत असते, म्हणून नाकातून थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. मास्क निवडताना पट्टा न लावता तो नुसता चेहऱ्यावर ठेवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा. खाली पडला तर तो कितीही महाग असो, आपल्या कामाचा नाही. हे ताडून पाहता यावे म्हणून मास्क दुकानात जाऊनच घ्यावा, इंटरनेटवर चित्र पाहून घेऊ नये. साधारण ८० ते १५० डॉलरमध्ये चांगला मास्क मिळतो.

आपल्या वर्गात चष्मा लावणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. दोन वेगवेगळ्या काचांच्या काही मास्कना तयार नंबरच्या काचा बसवून मिळतात. लांबचे न दिसणाऱ्याने एवढा खर्च जरूर करावा. जे पाहायला उतरायचे तेच धूसर दिसले तर उतरून काय उपयोग? आणि ज्या काकांना आपली मिशी प्रिय आहे त्यांनी लक्षात ठेवावे की मिशीच्या केसांतून मास्कमध्ये पाणी झिरपते. थोडी कापावी लागेल!

मग पाय. फिन्स दोन प्रकारच्या असतात. एकीत अनवाणी पाय जातो, दुसरीत टाच उघडी असते आणि जाड तळव्याचे बूट घालून ती पट्ट्याने बांधतात. सिडनीत दुसरा प्रकार घ्यावा. ला पेरूजजवळच्या बेअर आयलंडला किंवा कर्नेलला पाण्यात शिरायचे तर खडकांवरून चालावे लागते, आणि त्या खडकांवर कालवांची धारदार कवचे असतात. बूट आणि फिन्स मिळून दीडशे ते अडीचशे डॉलर होतात. फिन्सचा रंग आणि नवे मॉडेल यांवर जास्त पैसे घालवू नयेत.

मास्क, स्नॉर्कल, बूट आणि फिन्स झाले की माझे ऐकाल तर तेथेच थांबा. कोर्सची फी भरण्याआधी एक उन्हाळा नुसते स्नॉर्कलिंग करा. शेली बीच ज्या कॅबेज ट्री बेमध्ये आहे, तेथे २००२ पासून मासेमारीला बंदी आहे. त्यामुळे तेथील मासे माणसांना फारसे घाबरत नाहीत. क्लोव्हेलीजवळच्या गॉर्डन्स बेमध्येही हातभर लांबीचा निळा ग्रोपर जवळून पाहायला मिळतो. हा न्यू साऊथ वेल्सचा राज्य-मासा आहे. त्याला पाहण्याचे तिकीट नाही. पाण्यात तोंड घालून तासभर शांत राहता येते की जीव घाबरा होतो, हे त्या उन्हाळ्यात कळते. ते कळल्यावर पुढचे पैसे खर्चायचे की नाही हे ठरवणे सोपे जाते.

तिसरे अंग, म्हणजे वेटसूट. येथे आपल्या घरांत एक गैरसमज असतो. भारताच्या सहलीत आपल्यापैकी बरेच जण मालवणला आणि तारकर्लीला जाऊन 'स्कूबा' करून आले आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात बोटीतून नेतात, सगळे सामान तेच देतात, आणि पाण्याखाली गाईड आपल्याला सतत धरून ठेवतो. तो अनुभव फार छान आहे. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, आणि आपल्या कोकणात प्रवाळ आहे हे अनेकांना तेथे गेल्यावरच कळते. पण तेवढ्यावरून सामानाचा अंदाज बांधू नये. मालवणचे पाणी उबदार असते, तेथे पातळ सूट पुरतो. सिडनीचे पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये २२-२३ अंश असते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १७-१८ अंशांवर येते. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. शिवाय सूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि तीच त्याची ऊब असते. २० मीटर खोलीवर दाब वरच्या तिप्पट होतो, बुडबुडे दबतात आणि सूट पातळ होतो. म्हणून येथे निदान ५ मिलिमीटरचा सूट हवा. हिवाळ्यातही उतरायचे असेल तर ७ मिलिमीटरचा सूट आणि डोक्याला टोपी. साधारण २५० ते ४५० डॉलर धरावेत.

सूट अंगाला घट्ट बसला पाहिजे. मुलींनी पुरुषांच्या मापाचा सूट घेऊ नये. तो कमरेपाशी ढिला राहतो, प्रत्येक हालचालीला आत गार पाणी येते आणि अर्ध्या तासात दात वाजू लागतात. आणखी एक फायदा सांगते. वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकतो. "पोरगी समुद्रावर काय घालून जाणार?" या आजीच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

चौथे मनगट, म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर. याला अनेक जण चैन समजतात, आणि येथे माझा सर्वांत मोठा मतभेद आहे. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन वायू रक्तात आणि शरीरात विरघळतो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आले तर सोडावॉटरची बाटली उघडल्यावर होतात तसे बुडबुडे शरीरात होऊ शकतात. सांधे दुखणे, हातापायांतली शक्ती जाणे, कधी त्याहून वाईट. अशा रोग्यांना दाबाच्या बंद खोलीत ठेवून उपचार करावे लागतात. सिडनीत रँडविकच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात तशी सोय आहे. किती खोल आहोत, किती वेळ झाला, किती वेगाने वर येत आहोत आणि अजून किती वेळ राहू शकतो, याचा हिशेब हे छोटे यंत्र मांडत राहते.

ते स्वतःचेच का हवे? कारण तो हिशेब एका माणसाचा असतो. सकाळच्या डायव्हचा उरलेला नायट्रोजन दुपारच्या हिशेबात धरावा लागतो, आजचा उद्याच्या. दुपारी दुसऱ्याच कोणाचा कॉम्प्युटर बांधला तर तो तुमची सकाळ विसरलेला असतो. दोन मैत्रिणींत एक कॉम्प्युटर हाही तोच प्रकार, कारण दोघी कधीच नेमक्या सारख्या खोलीवर नसतात. अनेक डायव्ह केल्यावर साधारण १८ तास विमानात बसू नये असा नियम आहे. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी डायव्हिंग करून रात्री विमान पकडणाऱ्यांनी तो पाठ करावा. साधा, मोठ्या आकड्यांचा कॉम्प्युटर साडेतीनशे-चारशे डॉलरला मिळतो. रंगीत पडद्याचा, हजार डॉलरचा नको.

आता राहिले दोन मोठे खर्च. एक रेग्युलेटर, ज्यातून आपण टाकीतली हवा घेतो. दुसरे फुगवता येणारे जॅकेट, ज्याला बी.सी.डी. म्हणतात. अनेक अनुभवी लोक सांगतात की सगळ्यांत आधी रेग्युलेटर घ्या, कारण जीव त्यावर असतो. मला हे म्हणणे समजते. या यंत्राचा ऑस्ट्रेलियाला अभिमानही आहे. फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये दोन नळ्यांचे यंत्र केले, आणि मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी एका नळीचे 'पॉर्पॉइज' १९५२ च्या सुमारास बाजारात आणले. आज आपण वापरतो ते रेग्युलेटर त्याच एका नळीच्या पद्धतीचे आहेत. पण जीव ज्यावर आहे त्याची निगा कोण राखणार, हा खरा प्रश्न आहे. रेग्युलेटर वर्षा-दोन वर्षांनी उघडून, आतले रबरी भाग बदलून तपासून घ्यावा लागतो. वर्षातून चारदा वापरलेला आणि एरवी गॅरेजमध्ये क्रिकेटच्या किटशेजारी पडलेला स्वतःचा रेग्युलेटर, चांगल्या दुकानाने नियमित तपासलेल्या भाड्याच्या रेग्युलेटरपेक्षा सुरक्षित कसा?

शिवाय हिशेब करून पाहा. सोयीसाठी गोल आकडे धरते. संपूर्ण सेटचे दिवसाचे भाडे १०० डॉलर. मास्क, फिन्स, सूट आणि कॉम्प्युटर आपले असतील तर बाकीचे ६० डॉलर. म्हणजे दिवसाला ४० डॉलर वाचतात. या चार वस्तूंना सुमारे १,१०० डॉलर लागले आणि आपण वर्षाला ८ दिवस गेलो, तर वर्षाला ३२० डॉलर वाचून साधारण साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतात. आता रेग्युलेटर आणि जॅकेट पाहा. दोन्हींना मिळून १,४०० डॉलर. भाड्याचे वर्षाला ४८० डॉलर वाचतील, पण टाकी आणि वजनांचे दिवसाला २५ डॉलर द्यावेच लागतील, ते झाले २०० डॉलर. दुरुस्ती-तपासणीचे आणखी २०० धरा. हाती राहतात वर्षाला ८० डॉलर. १,४०० डॉलर वसूल व्हायला १७ वर्षांहून अधिक! तोपर्यंत आपली मुले या वर्गात बसलेली असतील. वर्षाला ३० दिवस जाणाऱ्याचे हेच पैसे पावणेदोन वर्षांत वसूल होतात. तेव्हा तुम्ही वर्षाला किती दिवस खरोखर जाता, ते आधी वहीत लिहा आणि मग दुकानात पाऊल टाका. न पेक्षा चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत व्हायची.

जुने सामान घ्यावे का? जरूर घ्यावे, पण नीट पाहून. सूट, बूट, फिन्स आणि वजने जुनी चालतात. मास्कची कड पिवळी पडून कडक झाली असेल तर नको. जॅकेट फुगवून रात्रभर ठेवावे आणि सकाळी हवा उतरली का ते पाहावे. जुना रेग्युलेटर स्वस्त मिळाला तर तपासणीचा खर्च किमतीत मिळवूनच स्वस्त की महाग ते ठरवावे, आणि तपासल्याशिवाय त्यातून एकही श्वास पाण्याखाली घेऊ नये. परदेशातून मागवलेल्या रेग्युलेटरचे सुटे भाग येथे मिळतात का, हे आधी विचारावे. टाकी फुकट मिळाली तरी नको म्हणा. तिची ऑस्ट्रेलियात दरवर्षी तपासणी करावी लागते आणि शिक्का जुना असेल तर हवा भरून देत नाहीत. १९९० च्या आधीच्या काही ॲल्युमिनियमच्या टाक्यांच्या धातूत तर मानेजवळ तडे जाण्याचा दोष आढळलेला आहे.

ज्या वस्तू दुकानदार सहसा पुढे करत नाही, कारण त्यांत त्याला फार सुटत नाही, त्या मात्र विसरू नका. वर आल्यावर फुगवायचा नारिंगी लांबट फुगा, म्हणजे बोटींना आपण दिसतो. एक शिट्टी. मासेमारीच्या दोऱ्यात पाय अडकला तर कापायला छोटी कात्री. तिन्ही मिळून रात्रीच्या जेवणाच्या बिलापेक्षा कमी.

आता काका-काकूंसाठी चार शब्द. तुम्ही आम्हांला काटकसर शिकवलीत. या देशात आल्यावर तुम्ही एकेक डॉलर कसा जपलात ते आम्ही ऐकत आलो आहोत. पण काटकसर आणि कंजूसपणा यांत फरक आहे, हेही तुमच्याकडूनच शिकलो. कॉम्प्युटरवर पैसे वाचवणे हा कंजूसपणा. न लागणारे जॅकेट न घेणे ही काटकसर. मुलाने पार्टटाइम नोकरीतून साठवलेले पैसे घेऊन तुमच्यापुढे असा हिशेब मांडला, तर "धोका आहे" एवढ्यावर विषय संपवू नका. धोका आहेच. म्हणूनच कोर्स असतो, आरोग्याची प्रश्नावली असते (दमा असेल तर डॉक्टरांना विचारावेच लागते), आणि जोडीदाराशिवाय उतरायचे नाही हा नियम असतो. सामानातले वाचलेले पैसे आणखी चार डायव्ह एखाद्या प्रशिक्षकाबरोबर करण्यात घाला, असे मी मुलांना सांगेन. सरावाने हवा कमी लागते, भीती कमी होते, आणि डोळे दुसरीकडे वळवता येतात. कर्नेलच्या शेवाळात तरंगणारा वीडी सी-ड्रॅगन अगदी शेवाळाच्या फांदीसारखा दिसतो. गडबडीत असणाऱ्याला तो समोर असून दिसत नाही.

शेवटी एक सूचना. जूनियर कोर्सला १० व्या वर्षापासून घेतात, आणि १० ते १५ वर्षांच्या मुलाचा सूट दर वर्षी तोकडा होतो. गणपतीच्या कार्यक्रमातले झब्बे आणि परकर-पोलकी आपण एका घरातून दुसऱ्या घरात देतोच. तशीच वर्गात एक पेटी ठेवावी: लहान झालेले सूट, बूट, फिन्स. ज्याला लागेल त्याने नाव लिहून न्यावे, धुऊन, सावलीत वाळवून परत आणावे. मास्क ज्याचा त्याचा, कॉम्प्युटर ज्याचा त्याचा, बाकी सर्वांचे. माझा लहान झालेला ५ मिलिमीटरचा सूट मी पहिला देते. तो साधारण १२-१३ वर्षांच्या मुलीला बसेल. कोणाला हवा असेल त्यांनी, आणि माझे म्हणणे न पटणाऱ्यांनीही, पुढच्या अंकासाठी बाईंकडे चिठ्ठी द्यावी.

– मोठ्या गटातील एक विद्यार्थिनी